हात थरथरतात, तरी कॅज्युअल्टीत राहू का?

प्रश्न : मॅडम, मी मराठवाड्यातल्या एका सरकारी महाविद्यालयात इंटर्न आहे. मागच्या महिन्यात रात्री दोनच्या सुमारास फवारणीचं औषध प्यायलेला पंचविशीतला पेशंट आला. तोंडाला फेस, अंग घामाने चिंब. सीनियर सरांनी मला श्वासनलिकेत नळी टाकायला सांगितली. माझे हात इतके थरथरले की त्यांनी लॅरिंगोस्कोप (नळी टाकताना घशात बघायचं साधन) माझ्या हातातून काढून घेतला. मला एमडी इमर्जन्सी मेडिसिनच (कॅज्युअल्टीतले तातडीचे उपचार) करायचं आहे. मित्र म्हणतात, ती काय खरी ब्रँच आहे का? त्या रात्रीपासून मलाही वाटतं, आपल्यात ती धमकच नाही. काय करू?

उत्तर : माझ्या हाताखालच्या मुलांना मी अरे-तुरेच करते, तुलाही तसंच लिहिते.

तो पेशंट वाचला का? तुझ्या पत्रात ते नाही. दुसऱ्या दिवशी आयसीयूत जाऊन त्याला बघून आलास का, तेही नाही. पत्र वाचताना मला तेवढंच खटकलं. हात माझेही थरथरायचे, आणि पन्नासेक नळ्या टाकून झाल्यावर थांबले. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. नळी गेली नाही म्हणून पेशंट दगावत नाही, श्वास मिळाला नाही म्हणून दगावतो. तेव्हा आधी अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि मास्क पक्कं कर. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली. मास्क चेहऱ्यावर दाबायचा नाही, जबडा मास्ककडे वर उचलायचा. नवी मुलं हमखास उलटं करतात आणि सगळी हवा बाजूने निघून जाते. भूलशास्त्राच्या पोस्टिंगला सकाळी सगळ्यांच्या आधी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) जाऊन उभा राहा. तिथे पेशंट उपाशी असतो, उजेड भरपूर असतो, शेजारी शिकवणारा माणूस असतो. रात्री दोन वाजता यातलं काहीच नसतं.

आणि त्या रात्री नळी सरांनी टाकली, पण पुढचे चार तास कोण बसलं होतं पेशंटपाशी? विषबाधेचा पेशंट तिथे वाचतो. अशा विषावरचा उतारा म्हणजे अॅट्रोपिन. त्याची अँप्यूल (काचेची कुपी) आपल्याकडे ०.६ मिलिग्रॅमची येते. सुरुवातीलाच १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे ३ ते ५ अँप्यूल. पाच मिनिटांनी छाती ऐकायची, घरघर असेल तर डोस दुप्पट. पुन्हा पाच मिनिटं. अँप्यूल फोडून फोडून बोटांना चिरा पडतात, ट्रेमध्ये काचांचा ढीग साचतो. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबू नकोस, बाहुल्या फसवतात. काखेखाली दोन्हीकडे स्टेथो लाव. छाती कोरडी हवी, नाडी आणि वरचं बीपी ८० च्या वर हवं. तेवढं झालं की मग ड्रिपवर. पेशंट तापला, बरळायला लागला, चादर चिमटीत धरून ओढायला लागला, तर अॅट्रोपिन जास्त झालंय. हे सगळं इंटर्नला जमतं. त्यासाठी स्थिर हात लागत नाहीत, खुर्ची ओढून पेशंटजवळ बसावं लागतं.

बसणं मी कुठे शिकले ते सांगते. मी इंटर्न होते, पावसाळा होता. पहाटे पाचच्या सुमारास नऊ-दहा वर्षांच्या मुलाला वडील खांद्यावर टाकून घेऊन आले. पोटात दुखतंय, दोन उलट्या झाल्यात. पोट दाबून पाहिलं तर मऊ होतं. मी अॅसिडिटीचं इंजेक्शन लिहिलं आणि त्याला कोपऱ्यातल्या कॉटवर टाकलं. अर्ध्या तासाने सिस्टर आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, ते पोरगं झोपलेलं नाहीये. त्याला पापण्या उचलता येत नाहीयेत."

मग मी वडिलांना विचारलं, रात्री कुठे झोपला होता? "खालीच की, गोधडीवर." मण्यार. हा साप रात्री अंथरुणात येतो, चावलेलं बहुतेकदा दुखत नाही, सुजत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं आणि मग पापण्या उतरतात. हे सगळं मी परीक्षेत लिहिलेलं होतं. सीनियर धावत आले. त्यांनी मुलाला मोठा श्वास घेऊन एका दमात आकडे म्हणायला लावले, श्वासाची ताकद किती उरली ते त्यावरून कळतं. पहिल्यांदा अठरापर्यंत गेला. दहा मिनिटांनी अकरा. मग सहा, आणि सातला नुसता ओठ हलला. सर्पविषाची लस चालू होतीच, नळी टाकली. व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. संध्याकाळपर्यंत मी, वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) आणि त्या मुलाचे वडील असे तिघं आळीपाळीने अँबू दाबत होतो. वडिलांचे हात नांगराचे, सुरुवातीला ते बॅग पार चेपून टाकायचे. मग मुलाची छाती बघत बघत हलक्या हाताने दाबायला शिकले.

मण्यारीच्या विषाने माणूस थिजतो. बाहुल्याही हलत नाहीत, मेंदू गेला असं वाटतं. पण बहुतेकदा त्याला सगळं ऐकू येत असतं. सिस्टर दर वेळी सक्शन करण्याआधी (नळीतला कफ ओढून काढण्याआधी) त्याच्या कानाशी सांगायच्या, "बाळा, आता जरा त्रास होईल हं." चौथ्या दिवशी त्याने बोट हलवलं. नळी निघाल्यावर त्याने त्या सिस्टरांना नावाने हाक मारली. त्यांचं नाव त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आली की रात्री कुठे झोपला होतात हे मी विचारतेच, आणि आकडे मोजायला लावते. तासाभराने परत जाऊन पुन्हा मोजायला लावते.

राहिलं ब्रँचचं. देशात इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली २००९ मध्ये. त्याआधी कॅज्युअल्टी म्हणजे एक सीएमओ (कॅज्युअल्टीचा वैद्यकीय अधिकारी) आणि प्रत्येक विभागाने पाठवलेला सगळ्यात ज्युनियर पोरगा. म्हणून तुझ्या मित्रांना ती अजून फाटकाजवळची खोली वाटते. महाडचे डॉ. हिम्मतराव बावसकर त्यांना सांग. रायगडमधल्या खेड्यात काम करताना विंचवाच्या पेशंटपाशी बसून नाडी-बीपीच्या बारीक नोंदी ठेवल्या, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने विंचूदंशाचे मृत्यू कितीतरी कमी करून दाखवले. हे काम लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तू ये या ब्रँचला. पण उद्या आधी तुझ्या त्या पेशंटचं काय झालं ते शोधून काढ, आणि मला कळव.

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी मुंबईत इमर्जन्सी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोन उचलत नाही. दिवाळीला घरी आली तर दोन दिवस झोपूनच होती. एकदा फोनवर म्हणाली, "आई, आज एक लहान बाळ गेलं," आणि पुढे काहीच बोलली नाही. तिला काय सांगावं ते मला सुचलं नाही.

उत्तर : ताई, काहीच सुचलं नाही ते बरंच झालं. त्या वेळी ती फोन धरून होती आणि तुम्ही पलीकडे होतात. "एवढं मनाला लावून घेऊ नकोस" तेवढं मात्र म्हणू नका. बाळाचं जाणं आईबापांना सांगायचं काम बहुधा तिनेच केलं असेल. आम्ही या शिकाऊ डॉक्टरांना शिकवतो : आधी बाळाचं नाव विचारून घ्या, आईला बसवा, तुम्हीही बसा, आणि "गेलं" हा शब्द स्पष्ट उच्चारा. "आम्ही प्रयत्न केले" एवढंच म्हटलं तर आई आशेने बघत राहते. हे बोलून ती मुलगी उठते आणि पुढच्या कॉटवर जाते.

रेसिडेंटना (एमडी शिकता शिकता रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरांना) एका दमात १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको, असं केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात चोवीस आणि छत्तीस तासांच्या ड्युट्या माझ्या वेळीही होत्या आणि आजही आहेत. याची मला मनापासून चीड येते, आणि जिथे बोलता येतं तिथे मी बोलते. तुमच्या हातातलं एक सांगते. नाइट संपल्यावर तिला स्कूटर चालवू देऊ नका, रिक्षाचे पैसे तुम्ही पाठवा. फोन करण्याऐवजी मेसेज टाका, "उत्तर देऊ नकोस, जेव फक्त." आणि घरी आली की झोपू द्या. उठल्यावर स्वयंपाकघरात तुमच्या शेजारी येऊन उभी राहील, तेव्हा बोलेल. महिनाभरात तिची झोपच उडाली, जेवण तुटलं, आपलं काही खरं नाही असं बोलायला लागली, तर मात्र थांबू नका. तडक तिच्याकडे जा आणि मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्या.

प्रश्न : अपघातात सापडलेल्या माणसाला आम्ही रुग्णालयात पोहोचवलं, पण पोलिसांच्या भीतीने दारातूनच परतलो. चुकलं का?

उत्तर : पोहोचवलंत हे फार मोठं काम केलंत. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातल्या कलम १३४-अ खालच्या नियमांनुसार मदत करणाऱ्याला नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. पुढच्या वेळी दोन मिनिटं थांबा, कारण तुम्ही निघून गेलात की आमची माहितीही जाते. आम्हाला एवढं सांगा : किती वाजता पडला, हेल्मेट होतं का, उचललंत तेव्हा बोलत होता का, आणि हातपाय हलवत होता का. मधल्या वेळात शुद्धीवर येऊन पुन्हा झोपी गेला असेल तर ते सगळ्यात आधी सांगा. तो डोक्यात रक्त साचत असल्याचा इशारा असू शकतो आणि आम्ही त्याला तडक सीटी स्कॅनला नेतो.