कोन गोगलगाय? कोनाची?

एका ताईंनी विचारलंय: समुद्रातल्या विषारी 'कोन स्नेल'ला लेकीच्या पुस्तकात 'कोन गोगलगाय' म्हटलंय, ते बरोबर का? आणि हा कोन म्हणजे आपला संस्कृत कोणच ना?

दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. हे नाव नागपुरात मोठ्याने वाचून पाहा. तिथल्या महाल भागात 'कोन गोगलगाय?' म्हटलं की समोरचा 'काऊन बा, कोनाची हरवली?' असंच विचारेल.

मेंदीच्या, आइस्क्रीमच्या कोनाचं मूळ ग्रीक 'कोनोस', म्हणजे पाइनचं निमुळतं फळ. कोपऱ्यासाठी ग्रीकांचा शब्दच निराळा, 'गोनिया'. पण उच्चार जुळला की सोयरीक पक्की करणाऱ्यांपुढे मी हात टेकले.

सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीयसने १७५८ साली या प्रजातीला 'कोनस' म्हटलं. आपल्याकडे त्याला 'शंकू' आयता आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे. भूमितीने आपल्या डोक्यात शंकू म्हणजे विदूषकाची टोपी एवढंच बसवलंय. संस्कृतात शंकू म्हणजे मेख, खुंटी, आणि भालासुद्धा! आता हा प्राणी जेवतो कसा ते बघा. मासे खाणाऱ्या जाती सोंड हळूच पुढे करतात. सोंडेच्या टोकाशी पोकळ, काटेरी दात असतो. तो माशात खुपसायचा, त्यातूनच विष सोडायचं, आणि लुळा पडलेला मासा अख्खा गिळायचा. एक दात एकदाच, पुढच्या वेळी नवा. लिनीयसच्या नावात नुसतं कवच आलं. आपल्या शंकूत कवचही आलं आणि भालाही.

आमचे एक संस्कृतचे निवृत्त मास्तर म्हणतात, योगायोगाला व्युत्पत्ती म्हणू नये. नाही म्हणत. पण नाव ठेवताना इतका सुरेख योगायोग सोडायचा काऊन? याच मास्तरांना 'गोगलगाय'ही खटकते. ती म्हणे पावसाळ्यात कुंडीवर चढणारी, समुद्रातला तो शंख. मास्तर, या सगळ्या वर्गाचं शास्त्रीय नाव गॅस्ट्रोपोडा. गॅस्टर म्हणजे पोट, पोड म्हणजे पाय, आणि हा पोड आपल्या पद-पायाचा सख्खा भाऊ. 'गोगलगाय नि पोटात पाय' म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना ग्रीक येत नव्हतं, एवढंच. शिवाय ही म्हण लावतात वरून गरीब, आतून पोचलेल्या माणसाला. यातल्याच कोनस जिओग्राफस या जातीच्या कवचावर नकाशासारखी देखणी नक्षी असते. ती पाहून त्याला हातात उचलणारी माणसं दंशाने मेलेली आहेत.

तेव्हा ताई, 'शंकू गोगलगाय' लिहा.