तळमजल्याच्या काँक्रीटवर लाकडी फळ्या थेट चिकटवता येतात का?

येतात; मात्र काँक्रीट पूर्ण कोरडे असले पाहिजे. सुमारे 45 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने जमिनीवर बंद करून दिवसभर ठेवावा आणि त्याखाली दव साचले किंवा काँक्रीट काळपट पडले, तर काम थांबवावे. कोकणात तर पावसाळ्यात हे काम काढूच नये, असे माझे मत आहे. पाण्याचा अंश असलेल्या गोंदाने लाकूड फुगू शकते, म्हणून पॉलियुरेथेनचा लवचिक गोंद घ्यावा, तो दातेरी थापीने थोड्याथोड्या भागावरच पसरावा आणि फळ्यांवर सांडलेला गोंद ओला असतानाच पुसावा, कारण वाळल्यावर तो निघता निघत नाही. भिंतीलगत 10 ते 12 मिलिमीटर फट सोडावी. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते.