वाचक विचारतात : पूर्वजांच्या नोंदी आणि गावचे वाचनालय

प्रश्न : आमचे ‘ड’ वर्गाचे, म्हणजे शासकीय वर्गवारीतील सर्वांत लहान वर्गाचे, सार्वजनिक वाचनालय तालुक्याच्या गावापासून दूर आहे. पणजोबा-खापरपणजोबांच्या नोंदी कोठे मिळतील, असे विचारणारे लोक अलीकडे वाढले आहेत. आमच्याकडे तशी कागदपत्रे नाहीत. आम्ही त्यांना काय मदत करू शकतो?
— एक ग्रंथपाल, नाशिक जिल्हा

उत्तर : मूळ कागद वाचनालयात असण्याची गरज नाही. आपल्या परिसरातील प्रत्येक गावाचे कोणते दप्तर कोणत्या कचेरीत आहे, कोणत्या सालापासूनचे आहे आणि नकलेसाठी अर्ज कोणाकडे करायचा, हे लिहिलेली एक नोंदवही आपण तयार केलीत, तरी लोकांचे निम्मे हेलपाटे वाचतील. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात असतात आणि ती बुके बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात सापडतात. शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही, शाळेतच असते. फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी) आणि जुन्या सातबाऱ्यांच्या प्रतिमा अनेक गावांपुरत्या ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर पाहता येतात. त्यासाठी वाचनालयात एक संगणक आणि तो चालवून दाखवणारे माणूस हवे. संगणकाच्या साहाय्याबाबत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांची चौकशी करावी.

खरी अडचण पुढे येते. 2023 मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी तपासण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने या नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर जुन्या पानांच्या प्रतिमा आल्या. पण त्यांतली पुष्कळ पाने जुन्या मोडी लिपीत आहेत आणि नाव टाकून शोध घेण्याची सोय सहसा नाही. शिवाय जुन्या नोंदीत आजचे आडनाव असेलच असे नाही. ‘राणोजी बिन तुकोजी’ (म्हणजे तुकोजीचा मुलगा राणोजी) एवढेच लिहिलेले असते, म्हणून आडनावावरून शोधणारा माणूस आपल्याच पणजोबांच्या ओळीवरून पुढे निघून जातो. त्याला आधी गाव, मग अंदाजे साल आणि मग बापाचे नाव या क्रमाने शोधायला शिकवणे, हे ग्रंथपालाचेच काम आहे. पुराभिलेख विभागातर्फे मोडी लिपीचे प्रशिक्षण वर्ग भरतात. आपल्या सभासदांपैकी एकदोन जणांना तेथे जरूर पाठवा. गावात मोडी वाचणारे एक माणूस असणे ही फार मोलाची गोष्ट आहे.

त्र्यंबकेश्वर आणि नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्रातील पुरोहितांच्या, वह्यांत गावागावांतून आलेल्या यात्रेकरूंची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत. त्या वह्या त्या घराण्यांच्या खाजगी मालकीच्या असल्याने प्रती मागण्याचा आग्रह धरू नये. आपल्या गावाची वही कोणत्या घराण्याकडे आहे, एवढे नोंदवून ठेवले तरी पुरे.

छापील कुलवृत्तांत (घराण्यांचे इतिहास), शाळांच्या शताब्दी स्मरणिका आणि देवस्थानांच्या पुस्तिका मात्र आपणच जमवायला हव्यात. घराघरांतून त्या रद्दीत जात आहेत. दत्तकविधानाचे किंवा वादाचे कागद कोणी आणून दिल्यास ते संबंधित कुटुंबाच्या संमतीशिवाय कोणालाही दाखवू नयेत.

प्रश्न : माझ्या पणजोबांचे भाऊ रत्नागिरीहून मॉरिशसला मजूर म्हणून गेल्याचे घरात सांगतात. त्याचा शोध येथे बसून लागेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : लागण्याची शक्यता आहे. मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये भारतीय गिरमिटिया (करारावर नेलेल्या) मजुरांची दप्तरे जतन केलेली आहेत. मजुराचे नाव, बापाचे नाव, वय, जात आणि मूळ गाव असे तपशील त्यांत आढळतात. गावांची नावे तेथील कारकुनांनी कानाला लागतील तशी रोमन अक्षरांत लिहिली आहेत, त्यामुळे पत्र पाठवताना आपल्या गावाच्या व आजूबाजूच्या वाड्यांच्या नावांची तीनचार संभाव्य स्पेलिंगे आणि प्रवासाचा अंदाजे काळ अवश्य कळवा.