चिखलदऱ्यापर्यंत सायकल : दिवस कसे पाडायचे?

प्रश्न : डिसेंबरच्या शेवटी आम्ही तिघे मित्र नागपूरहून सायकलने चिखलदऱ्याला जाणार आहोत. हाताशी चार दिवस आहेत. पहिल्या दिवशी हायवेने अमरावती (साधारण १५५ किमी), दुसऱ्या दिवशी परतवाड्यावरून चिखलदरा (८० किमी) आणि दोन दिवसांत त्याच रस्त्याने परत, असा बेत आहे. मी २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) साडेबारा तासांत पूर्ण केली आहे. बेत जमेल का? – एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : हा बेत दुसऱ्या दिवशी घाटात अडकेल. २०० किमीच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते. ती तुम्ही तासभर राखून गाठली, म्हणजे दम आहे. पण ब्रेव्हे संपली की माणूस घरी जाऊन झोपतो. सफरीत सकाळी उठून पुन्हा त्याच सीटवर बसायचं असतं, तेही मागे दहा-बारा किलोच्या बॅगा लावून. एका दिवसात जास्तीत जास्त जेवढं अंतर कापता येतं, त्याच्या ६० टक्क्यांच्या आसपास रोजचा टप्पा ठेवावा असं आमचं मत आहे.

दिवसाचा हिशेब उजेडापासून सुरू करा. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या आत मावळतो. सातला निघून साडेचारला मुक्कामी पोचायचं म्हटलं, तर साडेनऊ तास मिळतात. त्यातला एक तास जेवणाचा आणि एक तास चहा, पाणी, फोटो, रस्ता विचारणं यांचा. राहिले साडेसात. बॅगा लावलेल्या सायकलचा सपाट रस्त्यावरचा वेग ताशी १६ धरा, म्हणजे १२० किमी होतात. त्यातले १५ किमी पंक्चर आणि उलट्या वाऱ्यासाठी सोडा. तुमचा टप्पा १०५ किमीचा. १५५ किमीला याच वेगाने जवळजवळ दहा तास नुसती पायडल मारावी लागेल. जेवण-चहाचे दोन तास धरले तर शेवटचा तासभर अंधारात, ट्रकच्या शेजारून जाईल.

रस्ताही बदला. अमरावतीचा हायवे रुंद आहे, पण दिवसभर जड वाहनांचा आवाज डोक्यात बसतो. त्यापेक्षा काटोल नाक्यावरून निघा : कळमेश्वर, काटोल, जलालखेडा, वरूड. पहिल्या मुक्कामाला वरूडपर्यंत शंभर-एकशेदहा किमी होतात. दुसऱ्या दिवशी मोर्शी, चांदूर बाजार करत परतवाडा, अंदाजे ८५-९० किमी. हा सगळा संत्र्याचा पट्टा आहे. आंबिया बहाराची तोडणी सरत आलेली असते, तेव्हा फळांनी लादलेल्या गाड्या अरुंद रस्त्यावर समोरून येतात. तेवढं ध्यानात ठेवून कडेला राहा. काटोल आणि वरूड ही मोठी गावं आहेत, त्यामुळे अडचण आली तर हवा, ट्यूब, औषध, खोली यांतलं काही ना काही मिळून जातं. खोली मात्र आधी फोन करून ठेवा, आणि सायकल आत घेऊ देतात का तेही विचारा.

मोबाइलवर रस्ता पाहताना चारचाकीऐवजी दुचाकीचा पर्याय निवडा. समृद्धी महामार्गावर दुचाकी आणि सायकल दोन्हींना बंदी आहे, आणि चारचाकीचा पर्याय कधी कधी तिकडेच वळवतो.

तिसरा दिवस फक्त घाटासाठी ठेवा. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदरा तीसेक किमीच आहे, म्हणून लोक फसतात. परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास, तर चिखलदरा अकराशेच्या वर. म्हणजे सातशे-साडेसातशे मीटर निव्वळ चढ. घाटात किलोमीटर मोजू नका, उंची मोजा. ७० किलोचा माणूस, १५ किलोची सायकल आणि १२ किलोचं सामान असं ९७ किलो वजन बेताच्या जोराने चढवलं, तर तासाला ३५० मीटर उंची गाठली जाते. म्हणजे चढालाच दोन तासांवर. सपाट भाग आणि थांबे धरून साडेचार तास हातात ठेवा. जंगलाचा रस्ता आहे, त्यामुळे पुरतं उजाडल्याशिवाय निघू नका आणि दुपारनंतर चढाई सुरू करू नका. साडेसातला निघालात तर जेवणाआधी वर असाल, आणि गाविलगड पाहायला दुपार मोकळी मिळेल.

चौथ्या दिवशी परतवाडा, अमरावती करत बडनेऱ्यापर्यंत उतरा, अंदाजे ९० किमी. तिथून नागपूरला रेल्वेने या. हिवाळ्यात वारा बहुतेक ईशान्य-पूर्वेकडून असतो. जाताना तो पाठीशी राहतो, पण येताना दोन दिवस छातीवर घ्यावा लागला असता. सायकल पार्सल ऑफिसात बुक करावी लागते आणि सामानाचा डबा प्रत्येक गाडीला नसतो. म्हणून आदल्या आठवड्यात चौकशी करा, गाडीच्या दोन तास आधी पोचा, बॅगा काढून घ्या, आणि नाव-फोन लिहिलेलं पुठ्ठ्याचं लेबल फ्रेमला घट्ट बांधा.

प्रश्न : माझ्या सायकलला पुढे ५०-३४ आणि मागे ११-२८ दात आहेत. सामान घेऊन घाट चढेल का? दोन दिवस सलग चालवली की गुडघाही दुखतो. – एक वाचक, नंदनवन

उत्तर : चढेल, पण गुडघ्याच्या जिवावर. तुमचा सर्वांत हलका गिअर ३४-२८, म्हणजे पुढे ३४ आणि मागे २८ दात. पायडलचा एक फेरा मारला की सायकल अडीच मीटर पुढे जाते. सामानासह पाच टक्क्यांच्या चढावर सामान्य माणसाचा वेग ताशी साडेसहा किमीच्या आसपास असतो, म्हणजे मिनिटाला जेमतेम ४२ फेरे. एवढ्या हळू फिरवताना प्रत्येक फेऱ्याला पूर्ण जोर लागतो आणि तो गुडघ्याच्या वाटीवर येतो. मागची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) ११-३४ ची बसवली की त्याच वेगाला ५१-५२ फेरे होतात. ६० झाले तर उत्तम. कॅसेट घेण्याआधी मागचं डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दात पेलतं का, हे मेकॅनिककडून पाहून घ्या. बऱ्याचदा लांब पिंजऱ्याचं डिरेलर लागतं, आणि चेनही दोन-चार कड्यांनी लांब करावी लागते. जुनी चेन तशीच ठेवली आणि चुकून पुढच्या आणि मागच्या दोन्ही मोठ्या चकत्यांवर गेली, तर डिरेलर ओढलं जाऊन ते ज्यावर बसतं तो हँगर वाकतो.

गुडघा पुढून दुखत असेल तर सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे. मागून दुखत असेल तर सीट वर आहे. टाच पायडलवर ठेवून पाय खाली नेला की तो सरळ व्हावा, आणि कंबर डोलू नये. ठरल्यावर सीटपोस्टवर फ्रेमच्या लगत चिकटपट्टीची खूण करा. सामानाच्या हादऱ्यांनी सीटपोस्ट रोज थोडी थोडी खाली सरकते, ते डोळ्यांना दिसत नाही, गुडघ्याला मात्र कळतं. दुखणं सुजेपर्यंत गेलं तर सफर थांबवून डॉक्टरला दाखवा.

चालही तपासा. पहिले दोन तास शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. सकाळच्या गारव्यात ताशी २४-२५ ने पळणारेच दुपारी रस्त्याच्या कडेला बसलेले दिसतात. भूक लागण्याआधी खा : दर तासाला एक-दोन केळी किंवा चिक्कीचे तुकडे, आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी. तर्री-पोहे जरूर खा, पण तर्री बेताची घ्या. घाटाच्या आदल्या रात्री सावजी नको.

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत हीच सफर करता येईल का? – एक विद्यार्थिनी, रविनगर

उत्तर : नको. पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि सकाळी साडेनऊनंतर सायकल चालवणं धोक्याचं होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हा आपला काळ.

प्रश्न : गावातल्या पंक्चरवाल्यावर भरवसा ठेवून निघालो तर चालेल का? – एक वाचक, मानेवाडा

उत्तर : ट्यूबचा व्हॉल्व्ह कोणता आहे त्यावर आहे. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर कुठेही हवा भरता येते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पंक्चरवाल्याच्या पंपाचं तोंड त्यावर बसतच नाही. त्यासाठी पितळी ॲडॉप्टर मिळतो, दोन घ्या, कारण तो हरवतोच. कॉम्प्रेसरने भरताना थोडी थोडी भरा आणि प्रत्येक वेळी टायर दाबून पाहा. बारीक टायरला ट्रकच्या सवयीने हवा मारली की ट्यूब फाटते.

सोबत दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, पंप आणि चेन जोडायची कडी ठेवा. आपल्याकडे बाभळीचे काटे आणि फुटलेल्या ट्रक टायरच्या बारीक तारा पंक्चर करतात. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापडाचा तुकडा फिरवा. तार असेल तिथे कापड अडकतं. बोट फिरवू नका, कापेल. तार पकडीने काढली नाही, तर दहा मिनिटांत दुसरी ट्यूबही पंक्चर होते.