बोलसचा अभ्यास मांडण्याआधी

प्रिय डॉक्टर,

प्रबंधाचा आराखडा वाचला. सेप्टिक शॉकमध्ये (संसर्गाने रक्ताभिसरण कोसळलेल्या अवस्थेत) आलेल्या मुलाला पहिल्या तासातलं सलाइन, म्हणजे प्रत्येक बोलस (थोड्या वेळात एकदम दिलेला द्रव), ५ ते १० मिनिटांत ढकलावं की १५ ते २० मिनिटांत सावकाश द्यावं, हा प्रश्न मला आवडला. रोज रात्री कुठला ना कुठला रेसिडेंट त्याचं उत्तर सवयीने देतच असतो, आणि अशाच प्रश्नांवर काम करावं. माझी हरकत आहे ती एकाच वाक्याला: ‘दोन्ही गटांना बाकीचे उपचार नेहमीप्रमाणे दिले जातील.’ नेहमीप्रमाणे म्हणजे कुणाच्या नेहमीप्रमाणे? कुणाच्या हाताने, किती वाजता, कशातून? मुलांच्या अतिदक्षतेत निकाल बरेचदा या न लिहिलेल्या भागावरच फिरतो.

बबल सीपॅपचं (नाकातून सतत दाबाने ऑक्सिजन देण्याची पद्धत) बघ. ढाक्याच्या अतिसार संशोधन संस्थेच्या रुग्णालयात गंभीर न्यूमोनियाच्या पाच वर्षांखालच्या मुलांवर चाचणी झाली, ती २०१५ मध्ये छापली गेली. साधा लो-फ्लो ऑक्सिजन दिलेल्या ६७ पैकी १० मुलं गेली, बबल सीपॅपवरच्या ७९ पैकी ३. यंत्र कसलं, तर नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं. नळी ५ सेंटिमीटर खोल, तर दाब ५ सेंटिमीटर पाण्याइतका. मग मलावीतल्या एका जिल्हा रुग्णालयात ६४४ मुलांवर सीपॅपचीच चाचणी झाली आणि २०१९ मध्ये निकाल आला: सीपॅप गटात १७ टक्के मृत्यू, साध्या ऑक्सिजनवर ११ टक्के. पद्धत तीच, निकाल उलटा. मलावीतली मुलं जास्त जोखमीची होती, एचआयव्हीची, कुपोषित; आणि वॉर्डात रोज डॉक्टरची देखरेख नव्हती. बुडबुडे थांबले तर नाकातल्या नळीतून हवा गळतेय, तोंड उघडं आहे की शेंबडाने नळी तुंबलीय, हे बघायला माणूस लागतं. ते माणूस कोण होतं आणि किती वेळाने फेरी मारत होतं, हा उपचाराचाच भाग आहे. (ढाक्याची चाचणी मध्येच थांबवली होती, हेही विसरू नकोस. लवकर थांबवलेल्या छोट्या चाचण्यांमध्ये फायदा असतो त्यापेक्षा मोठा दिसतो.)

तुझ्या विषयावरची सगळ्यात मोठी चाचणी ‘फीस्ट’ नावाची. केनिया, युगांडा, टांझानिया, २०११. ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या ३,१४१ मुलांत बोलस मिळालेल्यांपैकी साधारण १०.५ टक्के ४८ तासांत गेली, बोलस न मिळालेल्यांपैकी ७.३ टक्के. आपल्याकडे यावर ठरलेलं उत्तर असतं: तिकडे व्हेंटिलेटर नव्हते, मलेरिया होता, हिमोग्लोबिन ५ च्या खाली होतं, आपला संबंध नाही. यातलं अर्धंच बरोबर. मृत्यू कशाने झाले हे नंतर तपासलं, तेव्हा फुप्फुसात पाणी भरून गेलेल्यांपेक्षा रक्ताभिसरण कोसळून गेलेली मुलं जास्त निघाली. म्हणजे नुसत्या व्हेंटिलेटरने सगळी वाचली असती असं म्हणता येत नाही. मुलांच्या सेप्सिससाठीच्या २०२० च्या आंतरराष्ट्रीय ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस’ मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हणूनच उपचार जागेप्रमाणे बदलतो: अतिदक्षता उपलब्ध असेल तर पहिल्या तासात ४० ते ६० मिलि प्रति किलोपर्यंत, १०-२० चे बोलस, दर बोलसनंतर तपासत, अतिदक्षता नसेल आणि रक्तदाब पडलेला नसेल तर बोलसच नाही.

आता तुझ्या मुलांकडे ये. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून १०८ ने आलेल्या मुलाचा पहिला बोलस तुझ्या दारात सुरू झालेला नसतो. रेफर चिठ्ठीवर ‘आयव्ही फ्लुइड दिले’ एवढंच लिहिलेलं असतं, मिलि नसतात. रुग्णवाहिकेतली अर्धी बाटली फेकून देण्याआधी बघ: ५०० ची आहे, ३०० उरलंय, म्हणजे २०० गेलं. १० किलोच्या मुलाला हा आधीच २० मिलि प्रति किलोचा एक पूर्ण बोलस झाला. हा रकाना फॉर्मवर नसेल तर तुझ्या ‘सावकाश’ गटातली निम्मी मुलं वाटेतच घाईने भरलेली असतील आणि तुला कळणारही नाही.

वेगाचं गणित कागदावर करून पाहिलंस का? १० किलोच्या मुलाला २०० मिलि १० मिनिटांत. मायक्रोड्रिप सेटला मिलिमागे ६० थेंब, म्हणजे मिनिटाला १,२०० थेंब. ते पडतही नाहीत आणि मोजताही येत नाहीत. म्हणून बाटली टांगून हा अभ्यास होणार नाही. आराखड्यात तू जलद गट हाताने आणि सावकाश गट सिरिंज पंपाने लिहिलाय. इथेच घोळ आहे. हाताने ढकलताना एक डॉक्टर किंवा सिस्टर सलग दहा मिनिटं मुलापाशी उभी असते, श्वास बघते, यकृत चाचपते. पंप लावला की माणूस दुसऱ्या बेडकडे जातो. मग फरक वेगाचा निघाला की लक्षाचा, सांगता येणार नाही. दोन्ही गटांत थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) लावून ५० च्या चार सिरिंज हातानेच दे: जलद गटात दर अडीच मिनिटांना एक, सावकाश गटात दर पाच मिनिटांना एक. प्रत्येक सिरिंज संपल्याची वेळ लिहायला दुसरा माणूस ठेव. २४ गेजच्या (बारीक) कॅन्युलातून, म्हणजे शिरेतल्या नळीतून, जलद गटाचा वेग साधतो का, हे आधी नुसत्या सलाइनवर, बादलीत, घड्याळ लावून बघ. आणि दोन्ही गटांत द्रव एकच ठेव. २०२३ मध्ये आपल्याकडच्या अनेक केंद्रांतल्या ७०८ मुलांच्या चाचणीत सलाइन गटात ३३ टक्के मुलांच्या मूत्रपिंडाला इजा दिसली, बॅलन्स्ड द्रवाच्या (ज्यातले क्षार रक्ताशी जास्त जुळतात) गटात २१ टक्के. द्रव मिसळला तर हा फरक तुझ्या निकालात घुसेल.

बोलस सोडून जाणारं पाणी तर कुणी धरतच नाही. आर्टेरियल लाइन (धमनीतली नळी) तुंबू नये म्हणून सोडलेला फ्लश तासाला ३ मिलि म्हणजे दिवसाला ७२. तीन किलोच्या बाळाला २४ मिलि प्रति किलो. त्यात अँटिबायोटिक विरघळवायचं पाणी, पोटॅशियम, सेडेशनची इन्फ्युजन. जमा-खर्चाच्या तक्त्यात हे सगळं हवं, नाहीतर ‘फ्लुइड ओव्हरलोड (अंगात साठलेलं जादा पाणी) १० टक्के’ हा आकडा पोकळ आहे. तो काढायचा सोपा आहे: आत गेलेल्यातून बाहेर आलेलं वजा, लिटरमध्ये, भागिले दाखल होतानाचं वजन, गुणिले १००. अडतं ते वजनावर. शॉकमधल्या मुलाला काट्यावर कुणी ठेवत नाही, वजन ‘अंदाजे’ लिहितात आणि मग तोच अंदाज दहा ठिकाणी उतरतो. अंदाजाचं वजन आणि नंतर मोजलेलं वजन, दोन वेगळे रकाने ठेव.

मोजमापाच्या बाकी गोष्टी थोडक्यात. कॅपिलरी रिफिलसाठी (त्वचा दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ) कुठे दाबायचं, किती सेकंद दाबायचं हे लिहून ठेव. छाती आणि बोट यांची उत्तरं वेगळी येतात. रक्तदाबाचा पट्टा लहान पडला तर दाब खोटा जास्त दिसतो. फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के हवी. लॅक्टेटचं (शॉकमध्ये रक्तात वाढणारा घटक) युनिट बघ: काही लॅब मिग्रॅ प्रति डेसिलिटर देतात, काही मिलिमोल प्रति लिटर, ५ मिलिमोल म्हणजे सुमारे ४५ मिग्रॅ. नमुना उशिरा चालवला तर नळीतच लॅक्टेट वाढतं, म्हणून काढल्याची वेळ आणि चालवल्याची वेळ दोन्ही लिही. मॉनिटर, एबीजी (रक्तातले वायू मोजणारं) मशीन आणि भिंतीवरचं घड्याळ या तिघांच्या वेळा सहसा जुळत नाहीत. तुझा अख्खा अभ्यास मिनिटांवर उभा आहे. दर सोमवारी तिन्ही जुळवायचं काम एका माणसाच्या नावावर टाक.

कुणाला घ्यायचं? तू २०२४ चे फीनिक्स निकष (मुलांतलं सेप्सिस ठरवायची गुणपद्धत) लिहिलेस. संसर्गाचा संशय आणि एकूण गुण २ किंवा जास्त म्हणजे सेप्सिस; त्यात रक्ताभिसरणाचा किमान १ असेल तर शॉक. निकष चांगले आहेत, पण त्यातले रक्ताभिसरणाचे गुण बरेचसे लॅक्टेट आणि व्हॅसोअ‍ॅक्टिव्ह (रक्ताभिसरण टिकवणाऱ्या) औषधांवर बेतलेले आहेत. पहिला बोलस द्यायच्या क्षणी लॅक्टेट आलेलं नसतं, अ‍ॅड्रिनालिन लागलेलं नसतं. ते निकष लवकर हेरण्यासाठी बनवलेलेच नाहीत. दाखल करताना बेडशेजारची लक्षणं वापर: ताप किंवा संसर्गाचा संशय, थंड हातपाय, लांबलेलं रिफिल, मंदावलेली शुद्ध, वयानुसार पडलेला दाब (एक ते दहा वर्षांत ७० अधिक वयाची दुप्पट, याच्या खाली). फीनिक्सचे गुण नंतर मोज आणि वेगळे मांड. डेंग्यू शॉकची मुलं यात घेऊ नकोस. तिथे रक्तवाहिन्या पाझरतात, द्रवाचा हिशोब निराळा, आणि पावसाळ्यात तीच मुलं निम्मी यादी भरून टाकतील.

आता मुख्य दुखणं, निष्पत्ती कुठली मोजायची. मृत्यू धरलास तर २० टक्क्यांवरून १५ वर येणारा फरक पकडायला ८० टक्के पॉवरने (फरक खरा असेल तर तो सापडायची शक्यता) दर गटात सुमारे ९०० मुलं लागतात. २० वरून १० झाले असं मानलंस तर २०० पुरतात, पण नुसत्या वेगाने मृत्यू निम्मे होतील यावर तुझा तरी विश्वास आहे का? आकडा बसावा म्हणून परिणाम फुगवायचा, ही प्रबंधांतली जुनी खोड आहे. हाच प्रश्न घेऊन भारतात झालेली, २०१७ मध्ये छापलेली ९६ मुलांची चाचणी म्हणूनच मृत्यूवर गेली नाही. व्हेंटिलेटर लागणं किंवा ऑक्सिजनेशन बिघडणं हे त्यांनी मोजलं: सहा तासांत सावकाश गटात ३६ टक्के, जलद गटात ५७. तीही मध्येच थांबली. आणि व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत नळी घालायचा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरला गट माहीत असतो. जलद गटातल्या मुलाला धाप लागली की हात लवकर लॅरिंगोस्कोपकडे (नळी घालायच्या उपकरणाकडे) जातो. याला तोड एकच: नळी कधी घालायची याचे निकष आकड्यांत, आधी लिहून, दोन्ही गटांना सारखे, आणि निर्णय घेणारा वरिष्ठ शक्यतो बोलस देणाऱ्यापेक्षा वेगळा.

‘व्हेंटिलेटरशिवायचे दिवस’ घेतलेस तर व्याख्या पूर्ण लिही. २८ दिवसांतून मोजायचं, सहा दिवस व्हेंटिलेटरवर राहून वाचलेल्याचे २२, मेलेल्याचे शून्य, ४८ तासांच्या आत पुन्हा नळी घालावी लागली तर मधला वेळ धरायचा नाही. या आकड्यांचा ढीग शून्यावर आणि विशीच्या वर साचतो, त्यावर सरासरी आणि टी-टेस्ट चालवू नकोस. फरक निघाला तर मृत्यूमुळे की लवकर नळी निघाल्यामुळे, दोन्ही वेगवेगळं दाखव.

लहान चाचणी वाईटच असते असं मात्र मनात धरू नकोस. महाडला डॉ. बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाचे फक्त ७० रुग्ण घेतले, मुलंही त्यात होती. प्रतिविष आणि प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) दोन्ही दिलेल्यांपैकी ९१ टक्के दहा तासांत बरे, नुसत्या प्राझोसिनवर २३ टक्के. २०११ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने छापलं. परिणाम मोठा होता, निष्पत्ती काही तासांत दिसणारी होती, आणि रुग्ण त्यांच्या दारात येणारा होता. तुझ्या प्रश्नात परिणाम लहान असणार, म्हणून आणखी दोन-तीन युनिट जोडायची तयारी आताच ठेव.

कुठलं मूल कुठल्या गटात हे ठरवणाऱ्या चिठ्ठ्यांच्या लिफाफ्यांबद्दल: चार-चारचे ठराविक संच केलेस तर उघड चाचणीत (जिथे गट सगळ्यांना दिसतो) चौथा कुणालाही ओळखता येतो. चार आणि सहाचे मिसळ, यादी युनिटबाहेरच्या माणसाने बनवलेली, लिफाफे अपारदर्शक आणि क्रमांकाचे, सिस्टर इन-चार्जच्या कपाटात. उघडण्याआधी वर मुलाचा क्रमांक आणि वेळ. जी मुलं घेता आली असती पण राहिली त्यांचीही नोंदवही ठेव, कारणासकट. रविवारी आणि मध्यरात्रीनंतरची मुलं सुटत असतील तर तुझा अभ्यास दिवसपाळीपुरता ठरतो. आजारी मुलं मात्र पाळी बघून येत नाहीत.

संमतीवर एथिक्स कमिटी अडवेल, आणि अडवावंच. इंग्लंडमध्ये मुलांच्या आणीबाणीतल्या चाचण्यांना आधी उपचार, नंतर संमती असा मार्ग २००८ पासून कायद्याने आहे. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या सूचनांचा आधार घेऊन दोन टप्प्यांची संमती माग: आधी पाच ओळींची छोटी, मूल सावरल्यावर पूर्ण. बाप औषधं आणायला खाली गेलेला असतो, मुलापाशी आजी असते; आजीची सही चालत नाही, आईची चालते, आणि आईला ‘बाबांना विचारून सांगते’ म्हणायचा पूर्ण हक्क आहे. तेवढ्यात बोलस थांबवायचा नाही. तो तुझ्या युनिटच्या पद्धतीने द्यायचा आणि मूल अभ्यासात घ्यायचं नाही. आईला वाचता येत नसेल तर साक्षीदार युनिटबाहेरचा हवा.

सीटीआरआयचा (भारतातल्या चाचण्यांच्या नोंदणीचा) क्रमांक हातात पडेपर्यंत एकही मूल घेऊ नकोस. नंतर केलेली नोंदणी तिथे चालत नाही. पुढचा मसुदा पाठवशील तेव्हा सोबत तीन कागद जोड: नळी घालायचे निकष, सिरिंजच्या वेळांचा तक्ता, आणि बादलीत केलेल्या चाचणीचे मिनिटांचे आकडे. २४ गेजचे वेगळे, २२ चे वेगळे.