खाली गुंता झालाय? मग वर बघा

यावेळच्या प्रश्नांमध्ये एक वाक्य हमखास आहे, "ताई, मी तो स्क्रू जरा फिरवून बघितला." अहो कशाला फिरवता! शिलाई मशीन बिघडलं की आपला हात पहिला स्क्रू ड्रायव्हरकडे जातो, मग मूळ बिघाड एक आणि आपण केलेले तीन. माझा क्रम ठरलेला आहे, दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवायचा, मग सुई बदलायची, मग साफसफाई, आणि स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. खाली हेच परत परत येणार आहे, कंटाळू नका.

प्रश्न : वरून टीप छान दिसते पण कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचा नुसता गुंता. बॉबीन (खालच्या दोऱ्याची छोटी रिळी) तीनदा काढून बसवली, तिच्या डबीचा स्क्रूपण घट्ट केला, काही फरक नाही. बॉबीन बदलू का?

बॉबीन बिचारी निर्दोष आहे हो. खाली दिसणारा गुंता वरच्या दोऱ्याचा असतो. पटत नसेल तर वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावून चार इंच टीप मारा, गुंता लाल निघेल.

होतं काय, सुई तळाशी जाऊन परत वर यायला लागते, जेमतेम २ मिलिमीटर उचलली जाते तेवढ्यात तिच्या अंगाला दोऱ्याचा छोटा फास सुटतो, शटलचं, म्हणजे बॉबीनभोवती फिरणाऱ्या भागाचं, टोक तो फास पकडून बॉबीनभोवती फिरवून आणतं आणि मग पुढचा तो वरखाली होणारा दांडा उरलेला दोरा परत वर खेचून घेतो. आता खेचायचं तर रिळाकडच्या बाजूला दोरा कोणीतरी धरून ठेवायला हवा ना, ते काम टेन्शनच्या दोन चकत्यांचं. दोरा चकत्यांच्या मधे बसलाच नसेल तर खाली गेलेला दोरा खालीच राहतो आणि तुम्ही शिव्या घालता बॉबीनला.

आणि तो न बसण्याचं कारण दहातल्या आठ वेळा एकच बघितलंय मी, फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली टाकून दोरा ओवणे. फूट खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या वरून निसटून जातो आणि दिसायला मात्र सगळं बरोबर दिसतं. फूट वर करून ओवा. मग सुईत घालायच्या आधी दोरा हाताने ओढून बघा, सुळकन आला पाहिजे. आता फूट खाली टाकून ओढा, बोटाला अडल्यासारखं लागलं पाहिजे. दोन्ही वेळेला सुळकनच येत असेल तर दोरा चकत्यांमधे नाही किंवा तिथे जुन्या दोऱ्याचा तुकडा अडकलाय, फूट वर ठेवून मऊ कापडाची घडी त्या फटीतून दोनतीनदा फिरवा, पिन किंवा कात्री घालू नका. त्या वरखाली होणाऱ्या दांड्याच्या भोकातून दोरा गेलाय ना तेही बघा, तो सुटला असेल तर चार टाक्यांतच सगळं जाम होतं.

राहिला तुम्ही घट्ट केलेला डबीचा स्क्रू. बॉबीन आत ठेवून डबी दोऱ्याला धरून लटकवा आणि हलका झटका द्या. बोटभर खाली येऊन थांबली तर ठीक, जागची हललीच नाही तर स्क्रू घट्ट आहे, सरसर खालीच निघाली तर सैल. फिरवायचा तर घड्याळाचा काटा पाच मिनिटांत सरकतो तेवढाच. हे सगळं लोखंडी डबीचं, वरून टाकायची प्लॅस्टिकची बॉबीन असेल तर त्या स्क्रूच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : कॉटनवर झकास चालतं, टीशर्टचं कापड घातलं की टाके गाळतं. टायमिंग गेलं असं एकाने सांगितलं.

टायमिंग, म्हणजे सुई आणि शटलचा मेळ, गेलं असतं तर कॉटनवरपण गाळले असते. टाका गळणे म्हणजे वर सांगितलेला तो फास शटलला सापडला नाही. ताणणारं कापड सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचललं जातं, मग फास सुटायला जागाच मिळत नाही. बॉल पॉइंट सुई घ्या, टोक किंचित गोल असतं, धागे न तोडता त्यांच्या मधून जाते. लायक्रा जास्त असेल तर स्ट्रेच म्हणून वेगळी सुई मिळते ती लावा, आणि मशीनला झिगझॅग असेल तर अगदी बारीक झिगझॅग ठेवा म्हणजे ताणल्यावर टीप तटकन तुटणार नाही.

सुई लावताना ती वर टेकेपर्यंत सरकवून मगच स्क्रू आवळायचा, अर्धा मिलिमीटर खाली राहिली तरी टाके गळतात. चपटी बाजू कुठे यावी यावरून कायम घोळ होतो. लक्षात ठेवायला सोपं, सुईला एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्या खाचेच्या बाजूने घालायचा आणि चपटी बाजू शटलच्या टोकाकडे. झिगझॅगवाल्या घरगुती मशीनला म्हणूनच चपटी बाजू मागे येते. पाकिटावर ९०/१४ असं लिहितात ते दोन वेगळ्या पद्धतींचे नंबर आहेत, ९० म्हणजे सुईची जाडी ०.९ मिलिमीटर. पातळ कापडाला ७५/११, रोजच्या शिवणाला ९०/१४. आणि सुई मोडेपर्यंत वापरायची नसते, आठेक तास शिवून झालं की बदला. मलाही पूर्वी जिवावर यायचं.

प्रश्न : आजीचं काळं पायमशीन वर्षानुवर्षं बंद होतं. सुरू करायला केसांना लावायचं तेल सगळीकडे सोडलं, दोन दिवस बरं चाललं, आता चाक हाताने पण फिरत नाही.

अरे देवा. ते तेल सुकलं की त्याचा चिकट डिंक होतो. जोर लावू नका, आधी शटलमधे दोरा अडकलाय का बघा कारण जाम व्हायचं ते सगळ्यात साधं कारण. सुई सगळ्यात वर घ्या, वर येत नसेल तर काढून टाका. डबी काढा, मग शटलच्या दोन बाजूंच्या कड्या बाहेर वळवल्या की गोल रिंग सुटते आणि आतून अर्धचंद्रासारखा तुकडा हातात येतो. तो काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा!! मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा फोटो नव्हता, तो अर्धचंद्र उलटसुलट बसवण्यात अख्खी दुपार गेली. आतले दोरे आणि भुसा चिमट्याने काढा.

चाक तरीही जड असेल तर तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे दोनतीन थेंब सोडा, खिडक्या उघड्या, जवळपास आग नको आणि मोटर जोडलेली असेल तर ती आधी काढून ठेवा. रात्रभर ठेवून सकाळी चाक हळूहळू मागेपुढे हलवत मोकळं करा, काळं पाणी निघेल ते पुसत राहा. सगळं मोकळं झालं की शिलाई मशीनचं पातळ पांढरं तेल, एका भोकात एक थेंब, आणि दोरा न घालता थोडा वेळ चालवा. पहिली टीप रद्दी कापडावर, नाहीतर नव्या ब्लाउजवर तेलाचे डाग.

चामड्याचा पट्टा इतक्या वर्षांत ताणलेला असणार, घसरत असेल तर अर्धा इंच कापून हुक परत लावा.

प्रश्न : मोटर चालू, चाक फिरतंय, सुई जागची हलत नाही.

बॉबीन भरताना चाकाच्या मधली चकती सैल केली असेल, ती घट्ट करायची राहिली. काही मशीनवर बॉबीन भरायचा दांडा बाजूला सरकवलेला राहतो, तो परत जागेवर आणा. बस.

प्रश्न : जीन्सचा पाय दुमडून शिवताना दर वेळी सुई मोडते.

कडेची ती जाड गाठ आली की तुम्ही कापड मागून ओढता, बरोबर? ओढलं की सुई वाकते आणि खालच्या पट्टीवर आपटते. कापड खालच्या सरकवणाऱ्या दातांना नेऊ द्या. सुई १००/१६ ची किंवा जीन्सची म्हणून मिळते ती, जाड जागा आधी हातोडीने ठोकून चपटी करा, आणि फूट चढावर तिरकं व्हायला लागलं की त्याच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवा म्हणजे फूट सपाट राहतं. तेवढे चारपाच टाके मोटर सोडून हाताने चाक फिरवून घाला, चाक कायम आपल्याकडे.

मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे जुळवून बघा, एखादा शटलमधे राहिला तर फार महागात पडतो. आणि खालच्या पट्टीच्या भोकाच्या कडेवरून नख फिरवा, कुठे अडकलं तर सुईने तिथे ओरखडा पाडलाय. पट्टी काढून अगदी बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी तुमचंच पत्र येईल, "ताई, दोरा सारखा तुटतो."