दुसरं कार्ड घेऊ का?

प्रश्न : सर, माझ्याकडे जीटीएक्स १०७० ग्राफिक्स कार्ड आहे. मित्राच्या ओळखीतले एकजण अगदी तसंच कार्ड ८ हजारांना देतायत, सोबत दोन कार्डं जोडायचा एसएलआय ब्रिजही. मदरबोर्डवर दोन स्लॉट आहेत. दोन्ही जोडली तर ‘सायबरपंक २०७७’ दुप्पट वेगाने चालेल का? मेमरी ८ आणि ८ मिळून १६ जीबी होईल ना?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : नको घेऊस. सायबरपंकला एसएलआय, म्हणजे दोन कार्डांनी मिळून एकच खेळ चालवायची सोय, चालतच नाही, त्यामुळे खेळताना दुसरं कार्ड नुसतं बसून राहील. मेमरीचीही बेरीज होत नाही. खेळाची टेक्स्चर्स (पृष्ठभागांवरची चित्रं) दोन्ही कार्डांना आपापल्या मेमरीत ठेवावी लागतात, म्हणून हाती ८ जीबीच उरतात.

हा मोह मला ठाऊक आहे. २०१५ साली लॅमिंग्टन रोडवरून मी दुसरं जीटीएक्स ९७० आणलं होतं. ‘जीटीए ५’मध्ये कोपऱ्यातला, सेकंदाला किती फ्रेम म्हणजे चित्रं निघतात तो आकडा खरंच वाढला, पण गाडी वळवली की चित्र अडखळायचं. दोन कार्डं आलटूनपालटून फ्रेम काढतात. दोन फ्रेम पाठोपाठ येतात, मग थोडी फट पडते. आकड्यात ते दिसत नाही, डोळ्यांना दिसतं. मे महिन्यात वरच्या कार्डाला खालच्याची गरम हवा मिळायची आणि ते ८० अंशांच्या पुढे जायचं. एका कार्डाला १४५ वॉट, म्हणजे दोघांचेच २९०. वर प्रोसेसर आणि मॉनिटर. माझा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट पेलणारा. एका संध्याकाळी वीज गेली, यूपीएस एकदा ओरडला आणि सगळं बंद.

तरी तेव्हा निदान खेळ दोन कार्डांचा विचार करून बनत होते. १९९८मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू २ कार्डाने हा मार्ग दाखवला, दोन कार्डं एकाआड एक ओळी काढायची, त्यालाच एसएलआय म्हणत. २००४मध्ये जीटीएक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने एसएलआय हेच नाव पुन्हा आणलं. मग खेळ बदलले. आता कडा गुळगुळीत करायला मागच्या फ्रेममधली माहिती लागते आणि ती फ्रेम असते शेजारच्या कार्डाकडे. ती मागवण्यातच मिळवलेला वेळ जातो. तुझ्या १०७०सह जुन्या कार्डांसाठी नवे एसएलआय प्रोफाइल (एखादा खेळ दोन कार्डांवर कसा चालवायचा त्याच्या सूचना) देणं एनव्हिडियाने २०२१च्या जानेवारीपासून थांबवलं. २०२२च्या आरटीएक्स ४०९०वर तर ब्रिज लावायला जागाच नाही.

घरात कुणी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर ॲनिमेशन करत असेल तर माझं उत्तर वेगळं असतं. त्यातलं चित्र तयार करणारं सायकल्स इंजिन दोन्ही कार्डांना कामाला लावतं, त्याला ब्रिजही लागत नाही, आणि वेळ खरोखर वाचतो. पण तू खेळाचं विचारलंयस.

तेव्हा तुझं १०७० वीक, त्यात हे ८ हजार घाल आणि एकच, नव्या पिढीतलं कार्ड घे. वापरलेलं घेणार असशील तर विकणाऱ्याच्या घरी जा, त्याच्या मशीनवर अर्धा तास एखादा जड खेळ चालवून बघ. पडद्यावर ठिपके उमटले किंवा पंखा खरखरला तर परत ये, भाव कितीही चांगला असो.

तुझा पॉवर सप्लाय किती वॉटचा आहे ते पत्रात नाही. त्यावरचं लेबल वाचून कळव, मग कोणतं कार्ड बसेल ते सांगतो.